पिसांखालचें जाळें

इ. स. १७७९ च्या जानेवारीच्या २६ व्या तारखेस हवाई बेटावरील केआलाकेकुआ उपसागराच्या तीरीं कालानिओपुऊ राजानें आपल्या अंगावरील पिसांचा झगा काढून कॅप्टन कुकच्या खांद्यांवर घातला. पुढें तीन आठवडे लोटण्यापूर्वींच कुक त्याच किनाऱ्यावर मारला गेला. झगा मात्र विलायतेस पोंचला, तेथून १९१२ सालीं न्यूझीलंडला गेला, २०१६ सालीं होनोलुलूच्या बिशप म्यूझियममध्यें आला आणि २०२० सालीं कायमचा हवाईच्या स्वाधीन झाला.

पाहणाराची दृष्टि पिसांवर खिळावी हें स्वाभाविकच आहे. परंतु तीं तांबडीं-पिवळीं पिसें बारीक जुड्या करून ज्यावर बांधलेलीं असतात, तें जाळें सहसा कोणी पाहत नाहीं. तें ओलोना नांवाच्या झुडुपाच्या सालीचें. हवाई बेटांखेरीज हें झुडूप जगांत अन्यत्र आपोआप उगवत नाहीं. स्पर्श होतांच अंगाची आग करणाऱ्या वनस्पतींच्या कुळांत जन्मूनहि त्याला डंखाची लव नाहीं. चरणारीं जनावरें जेथें मुळींच नव्हतीं तेथें या शस्त्राचें प्रयोजन उरलें नसावें. त्याच्या शास्त्रीय नांवांतील दुसरें पद पानें रुंद आहेत एवढेंच सांगतें. शाळेंतील पाठहि बहुधा तेवढ्यावरच थांबतो!

ओलोना वाढतें तें डोंगरांतील ओल्या, सावलीच्या घळींत. त्याच्या सरळ काठ्या तोडून साल लांब पट्ट्यांनीं सोलावयाची, पाण्यांत भिजवावयाची आणि अरुंद फळीवर पसरून कांसवाच्या कवचाच्या पात्यानें खरवडावयाची. आपल्याकडे अंबाडी पाण्यांत कुजवून वाख काढतात. तेथें कुजविण्यापेक्षां खरवडण्यावर भर. पात्याचा दाब किती असावा हें पुस्तकांत लिहितां येत नाहीं, तें हातालाच कळावें लागतें. मग उघड्या मांडीवर तळहातानें तंतूंना पीळ द्यावयाचा. त्या दोरीचे मासे धरण्याचे गळ व जाळीं होत, भोपळ्याचीं भांडीं टांगण्याचीं शिंकीं होत. सरदारांस कर म्हणून ओलोना द्यावें लागे. एकोणिसाव्या शतकांत देवमाशांच्या शिकारीस आलेले गोरे खलाशीहि ही दोरी मिळवूं पाहत, कारण खाऱ्या पाण्यांत ती दीर्घकाळ टिके.

पीळ देण्याला हवाई भाषेंत ‘हिलो’ म्हणतात. चांद्रमासाच्या पहिल्या रात्रीचें नांवहि हिलोच. त्या रात्रीची कोर वळलेल्या धाग्यासारखी बारीक असते. तेथील लोक लावणी व मासेमारी चंद्राच्या रात्री पाहून करीत. म्हणजे दोरी वळावयास बसलेल्या मुलाच्या हातीं नकळत पंचांगाचेंहि एक टोंक येत असे.

१८९३ सालीं तेथील राणी पदच्युत झाली आणि १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असें ठरलें. मुलें शाळेंत स्वभाषा बोललीं तर शिक्षा होई. ओलोना विसरलें गेलें याचा दोष सर्वस्वी कायद्यावर घालणें अन्यायाचें होईल. बाजारांत तयार सूत व दोर मिळूं लागल्यावर रानांत जाऊन साल कोण खरवडणार? परंतु धंदा गेल्यावरहि शब्दांत त्याची आठवण कांहीं पिढ्या तग धरते. तो आधारहि येथें काढून घेतला गेला. ज्यांनीं वनस्पतिशास्त्र इंग्रजींतच पाठ करून पदव्या मिळविल्या, त्या आमच्यासारख्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

१९७८ सालीं हवाई भाषेस राज्यघटनेंत पुन्हा स्थान मिळालें, १९८४ सालीं तिच्या माध्यमाची पहिली बालशाळा निघाली व १९८७ पासून सरकारी शाळांतहि तसे वर्ग सुरू झाले. आतां मुलांना ओलोना शिकवावयाचें तें कसें? ‘पूर्वीं याचे दोर करीत’ हें वाक्य पाठ करवून घेणें सोपें आहे, पण त्यांत ओलोना कांहींच नाहीं. माझ्या मतें एका काठीची साल, एक फळी, एक पातें आणि ‘हिलो’ हा शब्द एवढ्यांवर पहिला पाठ व्हावा. झगा मागाहून दाखवावा. अडचण एकच मोठी आहे. रानडुकरें व बाहेरून आलेलीं झाडें यांनीं तेथील मूळचीं रानें पोखरलीं आहेत, आणि वर्गांतील तीस मुलांनीं प्रत्येकीं एक काठी तोडली तर एखादी घळ रिकामी होईल. म्हणून कोयत्याआधीं मुलांच्या हातीं रोप द्यावें लागेल, आणि तीं काठी तोडण्याजोगी होईपर्यंत थांबलीं पाहिजेत. शाळेच्या वेळापत्रकांत त्यासाठीं कोणता तास धरावयाचा हें ज्यानें त्यानें ठरवावें.