कंपवातातलं नैराश्य आणि फोनवरचे उपचार

जेम्स पार्किन्सन हे लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर. १८१७ साली त्यांनी कंपवातावर जो निबंध छापला, त्याला आधार होता अवघ्या सहा रुग्णांचा. त्यातले दोघे रस्त्यात भेटलेले आणि एकाला तर त्यांनी नुसतं लांबून पाहिलेलं. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्यांनी थरथर आणि पुढे झुकलेली चाल इतकी अचूक टिपली, की आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. बुद्धी मात्र शाबूत राहते, असं त्यांनी लिहून ठेवलं. मनाचा विचार फार मागे पडला.

तो मागे पडण्याला कारण होतं. निर्विकार चेहरा, मंदावलेल्या हालचाली, उडालेली झोप ही लक्षणं कंपवाताची, तशीच नैराश्याचीही. त्यामुळे "आजारच तसा आहे" म्हणून घरचेही विषय सोडून देतात. प्रत्यक्षात साधारण तिघांतल्या एका रुग्णाला नैराश्याचा ठळक त्रास होतो.

दुरून मानसोपचार करण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहा इथे सेसिल विटसन यांनी १९५९ मध्येच दुतर्फा टीव्ही यंत्रणा वापरली आणि १९६४ मध्ये ती सुमारे १८० किलोमीटरवरच्या नॉरफोकच्या मनोरुग्णालयाशी जोडली. कंपवाताच्या रुग्णांपर्यंत ही सोय पोचायला अर्धशतक गेलं.

न्यू जर्सीच्या रोझॅन डॉबकिन यांनी आधी समोरासमोरचे उपचार तपासले. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात ८० रुग्ण होते. विचार आणि वर्तन बदलण्याच्या दहा आठवड्यांच्या उपचारांनी ५६ टक्के रुग्णांना गुण आला. नुसत्या देखरेखीखालच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. पण ज्याला खुर्चीतून उठतानाच आधार लागतो, त्याने दर आठवड्याला दवाखाना कसा गाठायचा?

म्हणून फोन. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातल्या ७२ जणांपैकी निम्म्यांना तीन महिने दर आठवड्याला आणि पुढचे सहा महिने महिन्यातून एकदा फोनवर उपचार मिळाले. "माझ्या हातात काहीच उरलं नाही" हा विचार उलटसुलट तपासायचा, काळजीचं चक्र थांबवायचं, लोकांत मिसळणं पुन्हा सुरू करायचं, असा तो क्रम. त्या गटातल्या ४० टक्के रुग्णांमध्ये चांगली सुधारणा दिसली. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत एकाही रुग्णात नाही.

या उपचारांतली सर्वांत मोलाची गोष्ट फोनच्या पलीकडे, घरातच होती. सांभाळणाऱ्या माणसालाही शिकवलं जाई. दोन फोनच्या मधल्या दिवसांत रुग्णाकडून नव्या सवयींचा सराव करून घेणं हे त्याचं काम.