निरा खोऱ्यातील दारिद्र्यनिर्मूलनाचे नियोजन आणि पर्यावरण : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : लासुर्णे परिसर)

प्रस्तावना :

भारतातील दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांचा विचार प्रामुख्याने उत्पन्न, रोजगार व अन्नधान्य या निकषांवर केला जातो. जमीन, पाणी व वनस्पती यांची स्थिती हा मात्र स्वतंत्र, ‘पर्यावरण’ या सदराखालील विषय मानला जातो. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्य आणि प्रदूषण यांचा परस्परसंबंध जगापुढे मांडला. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. तथापि हा संबंध त्यापूर्वीच्या शतकातही दिसतो. निरा खोऱ्याच्या आधारे त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कालवा : दुष्काळनिवारणाचे साधन

इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे गाव निरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथील पाऊस अल्प व बेभरवशाचा आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनची दैना केल्यानंतर ‘संरक्षक’ पाटबंधाऱ्यांची कल्पना बळावली. तीतूनच निरा डावा कालवा आकारास आला व १८८५ मध्ये सुरू झाला. त्यास भाटघर धरणाच्या जलाशयाचा आधार मिळाला.

हा कालवा ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी होता. परंतु काळ्या जमिनीत ओल टिकत असल्याने बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेत नसे. दुष्काळी वर्षी मात्र सर्वांचीच मागणी एकदम येई. कालव्याचा खर्च भरून निघण्यासाठी बारमाही पाणी घेणारे पीक हवे होते. ते उसाच्या रूपाने मिळाले. अशा रीतीने दुष्काळापासून संरक्षण हा मूळ हेतू मागे पडून महसूल पुढे आला.

चोपण जमिनी : विकासाची दुसरी बाजू

अस्तर नसलेल्या कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले अमाप पाणी यांमुळे भूजल वर चढले. निचरा नसलेल्या भारी जमिनीत ते पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन उडून गेले व क्षार मात्र मागे राहिले. हॅरॉल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्यामार्फत प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन तेव्हा अवघी पंचवीस वर्षे झाली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडलेली ‘ब्लॉक पद्धत’ या दृष्टीने महत्त्वाची ठरते. ठरावीक गटातील काही भागातच ऊस व उर्वरित भागात इतर पिके, अशी पाळीपाळीने लागवड व्हावी, पाण्याचा लाभ अधिक गावांना मिळावा आणि जमीनही बिघडू नये, हा तिचा आशय होता. न्याय्य वाटप आणि जमिनीचे आरोग्य यांची सांगड घालण्याचा हा प्रारंभीचा प्रयत्न म्हणता येईल. पुढे, १९३० च्या दशकापासून, साखर कारखानदारीच्या वाढीबरोबर उसाचे महत्त्व वाढतच गेले.

ज्याची जमीन चोपण झाली, तो शेतकरी कागदोपत्री बागायतदारच राहिला. जमीन असूनही उत्पन्न नाही, अशी ही गरिबी जमीनधारणेच्या आकड्यांत दिसत नाही. दारिद्र्याच्या मोजमापात पर्यावरणाचा अंतर्भाव का हवा, याचे उत्तर येथे सापडते.

१९७२ नंतरचे नियोजन

१९७२-७३ च्या दुष्काळात मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने मान्य करणारी ही योजना शहरी नोकरदार व व्यावसायिकांवरील कराच्या आधारे चालली, हे तिचे वैशिष्ट्य होय.

या योजनेत उत्पादक कामांवर भर होता. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही कामे म्हणजे प्रत्यक्षात मृद व जलसंधारणच होते. परंतु यशाचे माप मनुष्यदिवस हेच राहिले. तलावात पाणी किती वर्षे टिकले, माती किती थांबली, पाणी कोणाच्या विहिरीत उतरले, हे प्रश्न हिशेबाबाहेर राहिले. तलाव मजुरांनी खोदला, तरी पाझराचा लाभ मात्र विहीर असलेल्यासच अधिक झाला.

याउलट, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीनुसार न ठरवता कुटुंबातील माणसांनुसार ठरवला, भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क मानला आणि ऊस वर्ज्य केला. पर्यावरणीय मर्यादा व सामाजिक न्याय यांचा मेळ तिने एकाच नियमात घातला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने जलसंधारण, दुष्काळनिवारण व वनीकरण या कामांना अग्रक्रम दिला आणि टिकाऊ मत्तानिर्मिती हे उद्दिष्ट मानले. महाराष्ट्राच्या अनुभवाचा हा राष्ट्रीय विस्तार होता.

निष्कर्ष :

१) निरा खोऱ्यात दारिद्र्यनिवारण व पर्यावरण हे प्रश्न १८७६ पासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत.

२) पाणी पुरवणे म्हणजे दारिद्र्य हटवणे नव्हे. निचरा, पीकपद्धती व वाटप यांवाचून तेच पाणी नव्या दारिद्र्यास कारण होते.

३) राष्ट्रीय नियोजनात पर्यावरणाचे स्वतंत्र प्रकरण जोडणे पुरेसे नाही. चोपण क्षेत्र, भूजलपातळी आणि कामांची टिकाऊ क्षमता यांची नोंद रोजगाराच्या आकड्यांशेजारी ग्रामपातळीवर व्हावयास हवी.

४) कालव्याच्या भागातील गावे ‘बागायती’ म्हणून दारिद्र्याच्या चर्चेतून वगळली जाऊ नयेत. लासुर्ण्यासारख्या गावांच्या शेतात पाणी आणि क्षार एकाच पाटाने येऊ शकतात, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.