आकाशकथेतील हास्य आणि हैदराबादचे हस्तकौशल्य

आकाश हा आपल्याकडे भक्तीचा विषय आहे आणि गणिताचाही आहे. एकादशी, संकष्टी, संक्रांत, ग्रहण ही सारी आकाशाच्या आधारानेच आपल्या घरी येतात. परंतु आकाश हा हसण्याचाही विषय आहे, असे म्हटले की पुष्कळांच्या भुवया वर चढतात. ग्रहगोलांवर विनोदी कथा लिहिणारा आणि फावल्या वेळी कागद, लाकूड, दोरा घेऊन काहीबाही घडवीत बसणारा मनुष्य आपल्या समाजात बहुधा रिकामटेकडा ठरतो. हा निकाल इतिहासास धरून आहे असे आम्हांस वाटत नाही. तो का वाटत नाही, हे आमच्या हैदराबाद शहराच्या निमित्ताने येथे मांडावयाचे आहे.

अशा कथांना पाश्चात्त्य देशांत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. ऑपेरा म्हणजे संगीत नाटक खरे, पण या नावाचा संगीताशी संबंध नाही. साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या खर्चाने रेडिओवर चालणाऱ्या रडव्या मालिकांना अमेरिकेत ‘सोप ऑपेरा’ म्हणत. त्यावरून विल्सन टकर या लेखकाने 1941 साली अंतराळातील ठोकळेबाज कथांना हे नाव हिणवण्यासाठी दिले. पुढे हिणवणे मागे पडले आणि नाव तेवढे टिकले. प्रकार मात्र नावाहून फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लूशियन नावाच्या ग्रीक लेखकाने वावटळीत सापडून चंद्रावर गेलेल्या गलबताची गोष्ट लिहिली. तेथे चंद्राचा राजा आणि सूर्याचा राजा यांचे युद्ध जुंपलेले असते, आणि हे सारे खोटे आहे असे लेखक आरंभीच सांगून टाकतो. 1865 साली झूल व्हर्नने चंद्राकडे तोफेचा गोळा सोडणाऱ्या मंडळींची कादंबरी लिहिली, तीही युद्ध संपल्यामुळे बेकार झालेल्या तोफबहाद्दरांची थट्टा करीतच. तेव्हा अंतराळकथा आणि विनोद यांचे नाते आजकालचे नव्हे.

आणि आपल्याकडे? भाद्रपद चतुर्थीस चंद्राकडे पाहू नये, हे आपल्या घरांतील मुलेही जाणतात. गणपतीचे रूप पाहून चंद्र हसला आणि शापाचा धनी झाला. म्हणजे आपल्या परंपरेत आकाशातील एक विख्यात घटना हास्याचीच आहे! दुसरी कथा भागवताच्या नवव्या स्कंधातील. ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर कोणता निवडावा, हे विचारण्यास तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालू होते, म्हणून तो क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्याने मनातील वरांची यादी सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली होती. त्या वरांचे वंशजही उरले नव्हते. रेवती बलरामास दिली. विष्णुपुराण सांगते की ती जुन्या युगातील, म्हणून फार उंच होती. बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या मापात बसविले. स्थळ बदलले की काळाची गती बदलते, ही कल्पना येथे आहे. तिची गंमत आहे, आणि शेवटी अडचण सोडविणारे साधन नांगर आहे. हे आख्यान रंगविताना श्रोत्यांस हसविले म्हणून कोणत्याही कीर्तनकाराची भक्ती उणी ठरलेली नाही.

अर्वाचीन मराठीत हा धागा पुन्हा हाती आला तो महाराष्ट्राबाहेर. कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनहून ‘केरळकोकिळ’ नावाचे मराठी मासिक चालवीत. त्यात 1900 साली व्हर्नच्या कथेचा अनुवाद ‘चंद्रलोकाची सफर’ या नावाने येऊ लागला. परमुलखात राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विसरू नये. 1913 साली ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ निघाला. त्याचे कर्ते कोण, तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकर! ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदाचा पाया घालणारे, वऱ्हाडात वकिली करणारे हे गृहस्थ फावल्या वेळी ग्रहांचे गणित करीत. दोन वर्षांनी, 1915 साली, श्री. बा. रानडे यांची कथा प्रसिद्ध झाली. ती मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानली जाते. तिचे नाव ‘तारेचे हास्य’. पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अशा लेखनास घर दिले, आणि द. पां. खांबेटे यांनी विनोद व विज्ञानकथा या दोहोंत लेखणी चालविली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ती आद्याक्षरे उलट वाचली की जयंत विष्णू नारळीकर हे नाव हाती येते. यांपैकी कोल्हटकरांचा चरितार्थ वकिलीवर होता, नारळीकरांचा संशोधनावर. जे काम आपण ‘रिकामपणचे’ म्हणून बाजूस सारतो, त्यातूनच मराठीची ही शाखा वाढली.

आता हैदराबादकडे वळू. नवाब जफर जंग यांनी 1901 साली इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण घेतली आणि येथे वेधशाळा उभी केली. 1908 साली ती निजाम सरकारकडे आली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याची योजना पॅरिस येथे 1887 साली ठरली होती. तिच्यातील दक्षिण आकाशाचा 17 ते 23 अंशांचा पट्टा हैदराबादने उचलला आणि साडेसात लाखांहून अधिक तारकांची नोंद करून दाखविली. संगणक नव्हते. काचेच्या प्रत्येक पट्टीवरील प्रत्येक ठिपका डोळ्यास सूक्ष्मदर्शक लावून हाताने मोजावा लागे. हे काम जरीकामाइतकेच चिकाटीचे. याच शहरात 1931 साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. ज्ञानकोशाचा एक आख्खा खंड विज्ञानाच्या इतिहासास देणारा हा पुरुष कादंबऱ्याही लिहीत असे.

पुढील घटना तर कथेत शोभावी अशी आहे. जानेवारी 2001 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा कुप्यांत भरून आणावयाची आणि तीत सूक्ष्म जीव सापडतात का ते पाहावयाचे, हा हेतू. या प्रयोगाचे अग्रणी नारळीकरच होते. परग्रहावरील पाहुण्यांच्या कथा लिहिणारा लेखक आता पाहुणे खरोखर आले आहेत काय हे पाहण्यास निघाला होता! एप्रिल 2005 मध्ये प्रयोग पुन्हा झाला. त्यातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे 2009 साली जाहीर झाले. एका जातीस आर्यभटाचे नाव मिळाले, एकीस इस्रोचे, आणि एकीस नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे. हॉइल स्वतःही विज्ञानकादंबऱ्या लिहीत. हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध झालेले नाही; परंतु जीवाणूच्या रूपाने गुरूचे नाव चिरंतन करणारी अशी गुरुदक्षिणा दुसरी आम्हांस ठाऊक नाही.

तो फुगा कसा होतो? अतिशय पातळ प्लास्टिकच्या लांबच लांब पट्ट्या टेबलावर पसरून, कडेला कड लावून, उष्णतेने जोडाव्या लागतात. एक सांधा चुकला की सारे आकाशगमन फुकट. अंतराळाचा मार्ग असा शिंप्याच्या टेबलावरून जातो. शेजारच्या बिदरचे काम पाहावे. जस्त आणि तांबे यांचा ओतीव घाट, त्यावर कोरलेल्या रेषांत ठोकून बसविलेली चांदीची तार, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून केलेला लेप. लेपाने धातू काळा पडतो, चांदी मात्र उजळच राहते. हैदराबादेत घरोघरी दिसणाऱ्या या वस्तू पाहून अंधाऱ्या रात्रीच्या आकाशाची आठवण न होणारा विरळा. लेखनासही हाच नियम लागू आहे. आधी कोरावे, मग भरावे, आणि शेवटी जे काळे व्हावयाचे ते होऊ द्यावे. हाताने वस्तू घडविणाऱ्यास सामग्रीची मर्यादा कळते. ज्यास मर्यादा कळते त्याचीच अतिशयोक्ती हसू आणते. मर्यादा न कळणाऱ्याची अतिशयोक्ती केवळ थाप ठरते.

23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, आणि महिना पुरा होण्याच्या आत, 19 सप्टेंबरला, गणेशचतुर्थी आली. त्या वर्षी ठिकठिकाणी गणपतीच्या मखरात पुठ्ठा, कागद आणि चमकी यांचे चंद्रयान उभे राहिले. ज्या देवाने चंद्रास शाप दिला, ज्या दिवशी चंद्रदर्शन वर्ज्य, त्याच देवापुढे त्याच दिवशी चंद्र आणि त्यावर उतरलेले आपले यान! ही रचना करणाऱ्या मुलांना कोणी विनोद शिकविला नव्हता. तरीही भक्ती, आकाश, हास्य आणि हस्तकौशल्य या चारही गोष्टी त्या एका मखरात एकत्र नांदल्या, आणि कोणत्याही पुरोहितास त्यात वावगे दिसले नाही.

आमच्या शहरातील आपल्या घरांत कोंकणी बोलली जाते, पूजेत संस्कृत असते, बाजारात तेलुगु आणि दखनी चालते. मराठी उरते ती वाचनापुरती. ज्या भाषेत केवळ स्तोत्रे आणि वार्षिक अहवालच उरतात, तिच्याकडे मुले आदराने पाहतात, पण तिच्यात रमत नाहीत. ज्या भाषेत त्यांना हसू येते, ती मात्र ती स्वतः होऊन मागतात. म्हणून आपल्या मंडळांनी कीर्तन आणि व्याख्यान यांच्या जोडीस मुलांकडून आकाशाच्या गमतीच्या गोष्टी मराठीत व कोंकणीत लिहवून घ्याव्यात, आणि त्या गोष्टींतील याने त्यांच्याच हातांनी पुठ्ठ्याची करवावीत. देवळाच्या सभामंडपात एक संध्याकाळ त्यास दिली, तर मंडपाचे पावित्र्य उणावणार नाही. ककुद्मीची कथा ऐकून जे श्रोते हसले, ते याच मंडपात बसलेले होते. तेवढ्या संध्याकाळपुरते मुलांना रिकामटेकडे म्हणू नये, इतकीच आमची विनंती आहे.