१४. शिपाई नामदेव जाधव

 नामदेव जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतले. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना ते कंपनीचे निरोपे होते. यशवंत घाडगे यांच्या १९४४च्या मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसमुळे जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉसही मरणोत्तर समजला जाऊ शकतो. जाधवांनी मात्र तो हयातीत मिळवला. त्यांची कामगिरी ‘सूड’ या एका शब्दात सांगणे अपुरे आहे. मानपत्रातला क्रम पाहावा: आधी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी एकेक करून मागे आणले, आणि मगच शत्रूची तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. नदीपलीकडे पाय रोवले गेले ते ठाणी पडल्यामुळे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण हाताला गोळी लागून टॉमीगन टाकावी लागल्यावर हातबाँबवर लढलेला आणि शेवटी बांधावर चढून रणघोषणा देत मागच्या कंपन्यांना बोलावणारा माणूस नुसत्या रागाने चालला होता, हे पटत नाही. पुढे ते हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.