पुण्याचे कारखाने आणि कारागिराची शाळा
(नभोवाणीवरील भाषण)

कसबा पेठेंतील तांबट आळींतून सकाळीं जाणाऱ्या माणसास पूर्वीं घड्याळाची गरज लागत नसे. हातोड्यांचे ठोके कानीं आले कीं दिवस सुरू झाला असें समजावें. तांब्याचा हंडा, घंगाळ किंवा बंब घडून झाला म्हणजे त्यावर शेवटीं जें ठोक्याचें काम करतात त्यास मठारकाम म्हणतात. एकाला लागून एक असे सारखे ठोके पडत जातात. त्यानें पत्रा कठीण होतो आणि भांड्यावर चकचकीत ठिपक्यांची नक्षी उमटते. हें काम पुस्तकांत पाहून शिकतां येत नाहीं. बाप ठोकतो, मुलगा ऐकतो. आणि कांहीं वर्षांनीं मुलाचा ठोका बापाच्या ठोक्यासारखा वाजूं लागतो. हेंच त्याचें प्रशस्तिपत्र.

पुण्याच्या उद्योगधंद्यांना लागणारीं माणसें कशीं तयार झालीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. अलीकडे या गोष्टीस मनुष्यबळाचें नियोजन असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांव नवें, परंतु प्रश्न जुना. कोणत्या धंद्याला किती माणसें लागतील, त्यांना काय शिकवावें, आणि हें कोणीं ठरवावें, या तीन प्रश्नांना आपल्या शहरानें वेळोवेळीं जीं उत्तरें दिलीं, त्यांतील कांहीं मी आपणांपुढें ठेवणार आहें. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन सारें आयुष्य मराठी शाळेंत मुलें शिकविण्यांत घालविलेला एक मास्तर आहें, आणि मास्तराच्याच नजरेनें या इतिहासाकडे पाहणार आहें.

पेशवाईंत हा प्रश्न जातीनें आणि घरानें सोडविला होता. शहर वाढूं लागलें तसे कोंकणांतून तांबट आले आणि कसब्यांत त्यांची आळी वसली. घर हीच शाळा, बाप हाच गुरु. या व्यवस्थेंत कसब बुडत नसे, हा तिचा गुण. परंतु तांबटाच्या मुलानें तांबटच व्हावें आणि इतरांच्या मुलांनीं हातोडा धरूं नये, हा तिचा मोठा दोष होता. शिवाय ती सारी गिऱ्हाइकावर उभी होती. १८१८ सालीं राज्य गेलें आणि त्याबरोबर पुष्कळ गिऱ्हाईकही गेलें.

पुढें पस्तीस वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. लोहमार्ग, पूल, रस्ते, धरणें आणि कालवे यांच्या कामांची एकच गर्दी उसळली. मोठे एंजिनियर विलायतेहून येत. परंतु जमिनीची मोजणी करणारा, नकाशा वाचणारा, मजुरांकडून काम करवून घेणारा दुय्यम अधिकारी इतक्या दुरून आणणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून १८५४ सालीं पुण्यांत ‘पूना एंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नांवाची शाळा निघाली. संगमाजवळचें आपलें एंजिनियरिंग कॉलेज तें हेंच.

या नांवाचा थोडा विचार करावा. त्यांत क्लासही आहे आणि स्कूलही आहे. नकाशाही आहे आणि यंत्रही आहे. १८६६ सालीं ही संस्था मुंबई विद्यापीठाशीं जोडली गेली आणि तिचें नांव ‘पूना सिव्हिल एंजिनियरिंग कॉलेज’ झालें. पुढें शेतकी आणि अरण्यविद्या यांचे वर्ग आल्यावर तें ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झालें. १९११ सालीं ‘कॉलेज ऑफ एंजिनियरिंग’ झालें. आणि २०२२ सालीं तें स्वतंत्र विद्यापीठ झालें. संस्थेची ही चढती कमान पाहून कोणाही पुणेकरास अभिमान वाटेल. म्हैसूरकडून आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच पदवी घेऊन १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. मूळ धरणास धक्का न लावतां त्यांत अधिक पाणी सांठवितां येऊं लागलें, आणि पूर आला कीं दरवाजे आपले आपण उघडून जादा पाणी सोडून देऊं लागले. शिक्षणाची किंमत काय, याचा हा पुरावा पुणें शहर पुढें कित्येक वर्षें प्याले आहे.

परंतु संस्थेच्या पाटीवरून ‘मेकॅनिकल स्कूल’ हे दोन शब्द जे एकदां गळाले, ते पुनः आले नाहींत. १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यास गाडी येऊं लागली. मधला बोरघाट खुला व्हावयास १८६३ साल उजाडलें. तो घाट हजारों मजुरांनीं फोडला, आणि त्यांतले पुष्कळ तेथेंच रोगराईनें व अपघातानें मेले. त्यांना कोणीं कांहीं शिकविल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्यांची सरकारला उणीव भासली त्यांच्यासाठीं शाळा निघाली. ज्यांचे हात मुबलक मिळत होते त्यांची केवळ मोजदाद झाली. नियोजनाचा हा पहिला धडा आपण लक्षांत ठेवावा.

दुसरा विचार न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा. आपला देश कच्चा माल पाठवितो आणि पक्का माल विकत घेतो, हें दुखणें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. १८९० सालीं पुण्यांत औद्योगिक परिषद भरली, तींत त्यांचाच पुढाकार होता. उद्योगाला भांडवल हवें तसें कसबही हवें, आणि दोन्हीही संघटित केल्यावांचून मिळत नाहींत, हा त्यांच्या विचारांचा गाभा होता. धंद्याला लागणारी माणसें सरकारच्या गरजेपुरतींच तयार करावयाचीं कीं देशाच्या गरजेपुरतीं, हा प्रश्न येथें प्रथमच उघडपणें उभा राहिला.

त्याचें एक कृतीचें उत्तर पुण्यापासून फार दूर नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणसाकडून एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनीं त्यास आपलें बळ दिलें. आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांचकारखाना सुरू झाला. परदेशीं जाऊन कांचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें प्रमुख होते. दिव्यांच्या चिमण्यांपासून बांगड्यांपर्यंत कांचेचा माल त्या काळीं परदेशाहून येई. भट्टीसमोर उभें राहून, लांब नळीनें रसरशीत कांचेंत श्वास फुंकून तिला आकार द्यावयाचा, हें काम येथें कोणाच्या घरांत वडिलोपार्जित नव्हतें; तें शिकवावेंच लागलें. म्हणून हा कारखाना मालाबरोबर माणसेंही घडवीत असे. तेथें शिकलेले कारागीर पुढें देशांतील इतर कांचकारखान्यांत गेले. नफ्यातोट्याच्या वहींत ही मिळकत कोठेंही लिहिलेली नसते. परंतु माझ्या मतें लोकांनीं दिलेल्या पैशाचें खरें व्याज तेंच होय.

याच सुमारास, १९०९ सालीं, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदन उभें केलें. त्या वेळीं देशाला किती माणसें लागतील याचा हिशेब करणाऱ्यांच्या कागदावर बाईचें नांवच नसे. सेवासदनानें हिशेब उलट्या बाजूनें मांडला. घरांत निराधार होऊन बसलेल्या विधवेला आणि परित्यक्तेला काय शिकवितां येईल, हें आधीं पाहिलें. त्यांतून शिक्षिका तयार झाल्या, ससून रुग्णालयांत शिकून परिचारिका तयार झाल्या, आणि मग लोकांस उमगलें कीं यांची तर आपणांस केवढी गरज होती! गरज नेहमींच आधीं दिसते असें नाहीं. कित्येकदां माणूस तयार झाला म्हणजे गरज दिसूं लागते.

दुसरें महायुद्ध आलें तेव्हां सरकारास पुनः कारागिरांची निकड भासली. दारूगोळ्याच्या व शस्त्रांच्या कारखान्यांना आणि फौजेला फिटर, टर्नर, वेल्डर तातडीनें हवे होते, म्हणून १९४० सालीं तांत्रिक शिक्षणाची योजना निघाली. पुण्याजवळ खडकीस तर १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना होताच. युद्ध संपल्यावर तीच व्यवस्था घरीं परतलेल्या शिपायांच्या आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या उपयोगीं पडली, आणि १९५० सालीं तिच्यांतून कारागीर प्रशिक्षणाची कायमची योजना उभी राहिली. आज ज्यांस आपण आय्. टी. आय्. म्हणतों त्या संस्थांचें मूळ येथें आहे. ‘मेकॅनिकल स्कूल’ हे गळालेले दोन शब्द जवळजवळ शंभर वर्षांनीं अशा रीतीनें निराळ्या पाटीवर परत आले.

यानंतरची हकीकत श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरांतलीच आहे. १९४६ सालीं खडकीस किर्लोस्करांचा तेल-एंजिनांचा कारखाना निघाला. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीन करणारा सरकारी कारखाना आला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पिंपरी-चिंचवडच्या माळांवर शेडमागून शेड उठूं लागली. यांत टेल्कोचें उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटतें. सुमंत मुळगांवकर यांनीं पुण्याच्या कारखान्याची आंखणी करतांना गाडीपासून आरंभ केला नाहीं. १९६६ पासून येथें आधीं यंत्रें, हत्यारें, साचे आणि तीं हाताळणारीं शिकाऊ मुलें तयार करण्यावर भर दिला. पुण्यांत घडलेली पहिली मालवाहू गाडी बाहेर पडली ती १९७७ सालीं. पीक घेण्यापूर्वीं जमीन तयार करावी, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. कारखानदारांत मात्र एवढा धीर क्वचित् दिसतो.

१९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें कारखान्यांवर उमेदवार शिकविण्याचें बंधन घातलें. परंतु शिक्षण संपल्यावर त्यास नोकरी देण्याचें बंधन मूळ कायद्यानें मालकावर घातलें नव्हतें. त्यामुळें उमेदवारी पुरी करून हातांत दाखला आणि पुढें रिकामा रस्ता, असे तरुण मीं आमच्या पेठेंत पुष्कळ पाहिले.

आतां एक स्वतःची गोष्ट सांगतों, आणि ती सांगतांना मला संकोच वाटतो. १९८० च्या सुमारास मी नवा मास्तर होतों. माझ्या वर्गांत तांबटाचा एक मुलगा होता. त्यास व्यवहारी अपूर्णांक येत नसत, व्याकरण येत नसे; सातवींत तो दोनदां नापास झाला. त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं ‘मंद’ असा शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. हातांत एक घंगाळ होतें. तें माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मास्तर, पोराला गणित येत नाहीं हें आम्हांला ठाऊक आहे. नापास केलंत त्याबद्दल तक्रार नाहीं. पण मंद म्हणूं नका. हें यानं ठोकलंय. यांत एक ठोका चुकला असेल तर दाखवा.”

मीं घंगाळ फिरवून पाहिलें. चूक सांपडली नाहीं. तरीही मीं शेरा खोडला नाहीं.

त्या मुलानें शाळा सोडली. आठवीचा दाखला नव्हता म्हणून आय्. टी. आय्. चें दार त्यास बंद झालें. पुढें पिंपरीकडील एका कारखान्यांत तो ठेकेदाराच्या हाताखालीं मदतनीस म्हणून लागला. पत्र्याचें काम तो कुशल कारागिराचें करी आणि मजुरी मदतनिसाची घेई. वीस वर्षांनीं रस्त्यांत भेटला तेव्हांही हुद्दा तोच होता. त्यानें वांकून नमस्कार केला. त्या नमस्काराचें ओझें अजून माझ्या मानेवर आहे.

शाळेंत न जातां हातांत आलेलें कसब परीक्षा घेऊन ओळखावें आणि त्यास दाखला द्यावा, अशी सोय २०१५ सालच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत झाली. कल्पना अत्यंत योग्य आहे. माझ्या विद्यार्थ्याला ती फार उशिरा आली.

श्रोतेहो, आज चाकण आणि रांजणगांव येथें मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आहेत. उद्यां कोणत्या धंद्याला किती माणसें लागतील याचे तक्ते विद्वान लोक तयार करतील, आणि ते करावेतच. तळेगांवच्या भट्टीनें आणि मुळगांवकरांच्या धीरानें दाखविलें आहे कीं आधीं शिकविणाराच पुढें टिकतो. परंतु त्या तक्त्याला दोन बाजू असाव्यात. एका बाजूस कारखान्याची मागणी लिहावी. दुसऱ्या बाजूस आपल्या आळ्यांत, वाड्यांत आणि वस्त्यांत कोणाच्या हातांत काय कसब आहे, तें लिहावें. पहिली बाजू अधिकारी आणि मालक लिहितील. दुसरी बाजू लिहिण्याचें काम प्रथम शाळामास्तराचें आहे, कारण मूल त्याच्यासमोर बसलेलें असतें.

माझ्या व्यवसायबंधूंस एवढीच विनंति कीं प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिण्यापूर्वीं एकदां त्या मुलाचे हात पाहावेत. मीं ते वेळेवर पाहिले नाहींत.