सहा दात्यांचा दांडा

वैजापूरच्या रानात ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरू लागला म्हणजे पाहणाराची दृष्टी मातीत घुसणाऱ्या पात्यांवर खिळते. इंजिनाची शक्ती त्या पात्यांस पोहोचविणारा, ट्रॅक्टरच्या मागे वीतभरही बाहेर न आलेला पोलादी दांडा सहसा कोणी न्याहाळीत नाही. शेतकरी त्यास पीटीओ म्हणतो. त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने कोरलेल्या सहा दात्यांस कारखान्यात स्प्लाइन म्हणतात.

या दांड्याचा जन्म अडचणीतून झाला. अमेरिकेत कापणीयंत्राला गती मिळे ती त्याच्याच जमिनीवर घरंगळणाऱ्या चाकापासून. जमीन ओली असली की चाक घसरे आणि उभ्या पिकात काम अडे. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८ च्या सुमारास ही गती थेट इंजिनापासून घेण्याची सोय विक्रीस आणली. पण प्रत्येक कारखानदाराचा दांडा निराळा, तर एकाचे औत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागावे कसे? १९२७ साली तेथील शेतकी अभियंत्यांच्या संस्थेने नियम बांधले. कालांतराने १ ३/८ इंच व्यास, सहा दाते आणि मिनिटाला ५४० फेरे हे माप जगभर रूढ झाले.

दाते सहाच का, एक का नाही? ३५ अश्वशक्ती वाहताना या दांड्यावर पडणारा पीळ म्हणजे मीटरभर पहारीच्या टोकास टांगलेले सुमारे ४७ किलो वजन. ऐकण्यास हे किरकोळ वाटते. परंतु दाते मध्यापासून जेमतेम १६ मिलिमीटरवर. तेथे तोच भार जवळजवळ ३ टन होतो. एकट्या चावीने तो पेलणे कठीण, शिवाय तिच्या खोल खाचेने दांडाही दुबळा होतो. सहा दात्यांत भार सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ५ क्विंटल येतात. सारखा वाटला तर! दाते कमीअधिक झिजले की ही वाटणी बिघडते, आणि एकदोघांच्याच माथी सारे ओझे येते.

पुढे ट्रॅक्टरांची शक्ती वाढली, तेव्हा एक शहाणपणाची युक्ती निघाली. दांडा तेवढ्याच जाडीचा ठेवून फेरे १००० केले. तीच शक्ती अधिक वेगाने वाहिली की पीळ निम्म्याच्या आसपास उतरतो. या दांड्यास २१ बारीक दाते दिले. त्यामुळे ५४० फेऱ्यांचे औत चुकूनही त्यावर चढत नाही.

याच शिकागोच्या कंपनीने १९६३ साली महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत मुंबईस ट्रॅक्टरचा कारखाना काढला. १९८५ साली तिने शेतीयंत्रांचा आपला धंदा विकला. सहा दात्यांचे माप मात्र वैजापूरच्या शिवारातही चालूच आहे.