सायकलस्वार कायद्यापुढे

रामदासपेठेतल्या रस्त्यावर एखाद्या पोराने भरधाव सायकलने आजोबांना पाडले, तर तो हमखास म्हणणार, "साहेब, मोटार थोडीच आहे? साधी सायकल!" मोटार वाहन कायद्यातून तो सुटतो, हे खरे, पण फौजदारी कायद्याची गोष्ट निराळी.

भारतीय दंडविधान १८६० साली मंजूर झाले. मेकॉलेच्या मंडळींनी त्याचा मसुदा १८३७ सालीच केला होता. त्या वेळी पॅडल मारून पळणारी दुचाकी त्यांनी कोठून पाहावी? पॅरिसमध्ये ती आली तीच १८६० नंतर. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यास 'किंवा स्वारी करणाऱ्यास' कलम २७९ ने सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. गंमत अशी की, या विधानात जहाजाची व्याख्या आहे, वाहनाची नाही!

आपल्याकडे व्याख्येवाचून कधी अडले नाही. गणपतीचा उंदीरही वाहनच. इंग्रजांचे मात्र अडले. हमरस्त्यांविषयीच्या त्यांच्या १८३५ च्या कायद्यात 'गाडी' भरधाव हाकणे हा गुन्हा होता. सायकल ही गाडी काय? १८७९ साली 'टेलर विरुद्ध गुडविन' या खटल्यात न्यायमूर्तींनी सांगितले, होय. पुढच्याच वर्षी टोलनाक्याचा तंटा आला, तेव्हा निकाल झाला की, टोल घेण्यापुरती ती गाडी नव्हे! मला तरी यात विसंगती दिसत नाही. एका कायद्याला माणसांचे हातपाय वाचवायचे होते, दुसऱ्याला पैसा गोळा करायचा होता.

मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्याने वाहनाच्या व्याख्येत सायकल नाव घेऊन घातली. त्या वेळी रामदासपेठ मध्य प्रदेशात होती. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात आले आणि पुढे तो कायदा इकडेही लागू झाला.

१ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २८१ मध्ये हाकणे आणि स्वारी करणे हे दोन्ही शब्द कायम आहेत. म्हणजे सायकल वाहन नाही असा युक्तिवाद एखाद्या वकिलाने केला, तरी दुसरा शब्द उरतोच. आणि मराठीने तर त्या पोराला केव्हाच घोडेस्वाराच्या पंक्तीला बसवून 'सायकलस्वार' केले आहे. खटल्यात खरा वाद होईल तो बेदरकारपणाचा. घंटी वाजवली होती काय, गर्दी किती होती, ब्रेक लागत होते की नाही, हे साक्षीदारांना विचारले जाईल.